फिल्मवर गाठीचं नाव नसतं

(कोल्हापुरातील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो ते सर फिजिशियन होते, आणि गावात सीटी मशीन येण्याच्या आधीच्या पिढीतले. डोकं दुखतंय म्हणून कोणी आलं की ते खोलीतला दिवा बंद करून आधी डोळ्याचा पडदा बघत. कवटीच्या आत दाब वाढला की डोळ्यामागची नस सुजते आणि ती सूज तिथे दिसते. हेल्महोल्ट्झने 1851 साली शोधलेलं ते एवढंसं यंत्र सरांच्या खिशात कायम असे. अशा माणसाच्या नावाने एमआरआयवर बोलायचं हे जरा धाडसाचंच काम. त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, ‘पेशंट तपासला का कुणी आधी?’

मी रेडिऑलॉजिस्ट. पेशंट मशीनमधून बाहेर येतो, कपडे बदलायला जातो आणि तेवढ्यात दाराशी उभे असलेले त्याचे भाऊ, मेहुणे मला गाठतात. ‘डॉक्टर, गाठ साधी हाय का वंगाळ?’ प्रश्न अगदी रास्त आहे. पण फिल्मच्या कोपऱ्यात पेशंटचं नाव असतं, वय असतं, तारीख असते. गाठीचं नाव कुठेही छापलेलं नसतं. नेहमीच्या गाठी असतील तर ते लवकर सापडतं. मेंदूच्या आवरणातून वाढणारी मेनिन्जिओमा, मेंदूच्या आधारपेशींतून उगवणारा ग्लायोमा, किंवा फुप्फुसातल्या नाहीतर स्तनातल्या कॅन्सरची डोक्यात पसरलेली गाठ, ही आमच्या रोजच्या बघण्यातली. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गीकरणात मेंदू आणि मज्जारज्जूच्या गाठींचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. त्यातले कित्येक असे, की एखाद्या रेडिऑलॉजिस्टला उभ्या कारकिर्दीत एखाददुसराच दिसावा. आज बोलायचं आहे ते यांच्याबद्दल.

आधी थोडं मागे जाऊ. 25 नोव्हेंबर 1884 रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली या सर्जनने एका पंचविशीतल्या माणसाच्या मेंदूतली गाठ काढली. एक्स-रे तेव्हा नव्हता. राँटजेनला तो सापडायला अजून अकरा वर्षं होती. गाठ कुठे आहे हे ह्यूज बेनेट या डॉक्टरने सांगितलं, ते नुसतं लक्षणांवरून. झटके शरीराच्या कोणत्या भागात येतात, कोणता हात लुळा पडत चाललाय, एवढ्यावरून त्याने कवटीवर जागा नेमून दिली आणि गाठ बरोबर तिथेच निघाली. पेशंट पुढे महिन्याभरात जंतुसंसर्गाने गेला. पण निदान चुकलं नव्हतं.

एक्स-रे आला तरी मेंदू त्यात दिसत नव्हता, दिसायची ती कवटी. 1918 मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी मेंदूच्या आतल्या पोकळ्यांतलं पाणी काढून तिथे हवा भरली आणि मग एक्स-रे काढला. हवा काळी दिसते. ती कुठे ढकलली गेली आहे हे पाहून गाठीचा अंदाज करायचा. पेशंटचं डोकं मग दिवसच्या दिवस ठणकत राही. 1927 मध्ये लिस्बनला एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांत औषध सोडून त्यांची चित्रं घेतली. आपल्या देशात वेल्लोरला 1949 मध्ये डॉ. जेकब चँडी यांनी मेंदूशस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. मुंबईत डॉ. राम गिंडे आणि पुढे केईएममध्ये डॉ. होमी दस्तूर यांच्यासारख्यांनी या शास्त्राचा पाया घातला. चँडी आणि गिंडे दोघेही माँट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड यांच्या हाताखाली शिकून आलेले. ही सगळी माणसं हवेच्या सावल्या आणि सरकलेल्या रक्तवाहिन्या वाचून कवटी उघडत होती. आम्हा आजच्या लोकांना ते नुसतं ऐकूनही दडपण येतं.

1 ऑक्टोबर 1971 ला विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका बाईच्या डोक्याचा पहिला सीटी स्कॅन झाला. यंत्र गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या इंजिनियरचं, नोकरी ईएमआय या रेकॉर्ड बनवणाऱ्या कंपनीत. चित्र होतं 80 बाय 80 ठिपक्यांचं. आज मोबाइलवर आलेला धुरकट फोटोही त्याहून बरा असतो. पण त्या ठिपक्यांत कपाळामागची पाण्याची गाठ स्पष्ट दिसली. हाउन्सफिल्डना 1979 चं नोबेल मिळालं, ॲलन कॉर्मॅक यांच्याबरोबर विभागून.

एमआरआय ही वेगळीच गोष्ट. त्यात एक्स-रे नाहीच. आपल्या शरीरात पाणी, पाण्यात हायड्रोजन. मशीनचा चुंबक 1.5 टेस्लाचा असेल तर तो पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट. त्या क्षेत्रात हायड्रोजनचे अणुगर्भ सुमारे 64 मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींना साद देतात. लहर सोडायची, थांबवायची, आणि परत येणारा संदेश ऐकायचा. त्या संदेशाचं चित्र कसं बनवायचं हे पॉल लॉटरबर यांनी 1973 मध्ये दाखवलं. 2003 चं नोबेल त्यांना आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना मिळालं. महत्त्वाचं हे की लहर कशी सोडायची हे आमच्या हातात असतं. एका पद्धतीत पाणी पांढरं दिसतं, दुसरीत तेच काळं. तिसरीत पाण्याचे रेणू मोकळे फिरतात की कोंडलेत हे कळतं. म्हणजे एमआरआय हा एकच फोटो नव्हे, ती प्रश्नांची मालिका असते. कोणते प्रश्न विचारायचे हे आधी ठरलेलं नसेल, तर मशीन कितीही महागाचं असो, उत्तर मोघमच मिळणार.

आणि ते प्रश्न आम्हाला चिठ्ठीवरून ठरवावे लागतात. चिठ्ठीवर बऱ्याचदा दोनच शब्द असतात: ‘एमआरआय ब्रेन’.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. बारा-चौदा वर्षांचा मुलगा. गेले काही महिने सारखं पाणी पितोय, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतोय. घरच्यांना वाटतं साखर झाली. साखर तपासली, अगदी व्यवस्थित. मग ‘उन्हाळा आहे’ म्हणून विषय संपतो. पुढे डोकं दुखायला लागतं, वर बघताना त्रास होतो, तेव्हा स्कॅन. आता चिठ्ठीवर नुसतं ‘डोकेदुखी’ लिहिलं असेल तर तंत्रज्ञ पाच मिलिमीटर जाडीचे नेहमीचे काप घेईल. पण ‘फार तहान, फार लघवी’ हे चार शब्द असतील तर आम्ही पिट्युटरी ग्रंथीचे दोन-तीन मिलिमीटरचे बारीक काप घेऊ आणि एक ठिपका शोधू. निरोगी माणसात पिट्युटरीच्या मागच्या भागात टी-वन पद्धतीच्या चित्रात एक पांढरा ठिपका चमकतो. लघवीवर ताबा ठेवणारं हार्मोन तिथे साठलेलं असतं, त्याची ती खूण. या मुलांत तो ठिपका नसतो आणि ग्रंथीचा देठ जाडावलेला असतो. त्याच वेळी मेंदूच्या मध्यभागी पिनिअल ग्रंथीतही गाठ दिसली, तर दोन जागी एकाच वेळी असलेली ही जोडी बहुधा एकाच आजाराची असते. त्याचं नाव जर्मिनोमा.

हे नाव लवकर कळण्याला फार किंमत आहे. जर्मिनोमा किरणोपचारांना इतकी दाद देते की दहातली नऊ मुलं किंवा त्याहून जास्त दीर्घकाळ जगतात. संपूर्ण गाठ काढण्याची मोठी शस्त्रक्रिया बहुतेक वेळा लागतच नाही. रक्तातल्या आणि मणक्यातल्या पाण्यातल्या दोन खुणा, एएफपी आणि बीटा-एचसीजी, तपासायच्या, गरज पडली तर दुर्बिणीने इवलासा तुकडा घ्यायचा. पिनिअल मेंदूच्या अगदी गाभ्यात आहे; तिथे विनाकारण हात घालणं कुणालाही परवडत नाही. आता सांगा, हे निदान मशीनने केलं की तहान नोंदवणाऱ्या डॉक्टरने?

दुसरी गोष्ट याच्या उलट. इथे उपचारच निदान पुसून टाकतो. मेंदूतला लिम्फोमा. पन्नाशी-साठीतला माणूस, आठवड्या-दोन आठवड्यांत विसराळू झाला, वागणं बदललं, एक बाजू कमजोर झाली. स्कॅनमध्ये मेंदूच्या आतल्या भागात, पोकळ्यांच्या कडेला, शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध दिल्यावर एकसारखी उजळणारी गाठ. पेशी इतक्या दाटीवाटीने की पाण्याचे रेणू कोंडलेले. हे चित्र दिसलं की आमच्या मनात लिम्फोमा येतो. पण तोवर पेशंटला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं सुरू झालेली असतात. सूज उतरवायला हे स्टेरॉइड रामबाण आहे, तालुक्याच्या दवाखान्यातही सहज मिळतं, आणि पेशंट दोन दिवसांत उठून बसतो. घरचे खूश. अडचण अशी, की लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने खरोखरच मरतात. गाठ विरघळते, कधीकधी पार नाहीशी होते. मग सर्जन जाऊन तुकडा घेतो आणि पॅथॉलॉजिस्टकडून उत्तर येतं, निदान करता येत नाही. काही महिन्यांनी गाठ परत उगवते. वैद्यकाच्या पुस्तकांत तिला भुताची गाठ म्हणतात.

म्हणून सांगतो, आणि समोर बसलेल्या माझ्या जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या मित्रांना तर हात जोडून सांगतो: चित्रात लिम्फोमाची शंका असेल आणि पेशंट तातडीने ढासळत नसेल, तर तुकडा घेईपर्यंत स्टेरॉइड रोखा. जीव धोक्यात असेल तर द्याच, त्यात दुमत नाही. पण ‘स्कॅन होईपर्यंत चालू ठेवू’ ही सवय बरी नव्हे. या गाठीचा मुख्य उपचार म्हणजे मेथोट्रेक्झेटसारखी औषधं, कापून काढणं नव्हे, आणि औषध सुरू करायला नाव पक्कं लागतं.

आता आपल्या मातीची एक अडचण. परदेशी पुस्तक घेऊन बसलात तर कॉन्ट्रास्ट दिल्यावर कडेने उजळणारी, मध्ये काळी अशी वर्तुळाकार गाठ, जिला आम्ही सगळे ‘रिंग’ म्हणतो, ती आधी घातक ट्यूमर म्हणून वाचली जाते. आपल्याकडे रिंग म्हटली की आधी क्षय आठवला पाहिजे. 1950-60 च्या दशकांत आपल्या मोठ्या रुग्णालयांतून मेंदूच्या ज्या गाठी निघत, त्यांतल्या साधारण पाचव्या हिश्शाइतक्या किंवा त्याहून जास्त क्षयाच्या असत. डॉ. दरब दस्तूर यांनी मुंबईत या आजाराचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यानंतर सीटी आला आणि नवाच गोंधळ उडाला. झटका येऊन गेलेल्या तरुण पोरांच्या मेंदूत एकच छोटी रिंग दिसायची. क्षयाची औषधं सुरू केली की काही महिन्यांत ती जायची आणि औषध लागू पडलं असं सगळे धरून चालायचे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. वेदांतम राजशेखर आणि डॉ. मॅथ्यू चँडी यांनी अशा गाठींचे तुकडे तपासले, तर बऱ्याच ठिकाणी निघाला टेपवर्म जंताचा मरत चाललेला अंश, सिस्टिसर्कस. तो क्षयाच्या औषधाशिवायही विरतो. मग त्यांनी निकष बांधले: सुरुवात झटक्याने, डोक्यातला दाब वाढलेला नाही, कमजोरी वाढत जात नाही, गाठ एकच, 20 मिलिमीटरपेक्षा मोठी नाही, मेंदू बाजूला ढकललेला नाही. एवढं जुळलं तर सुई नको, वाट पहा आणि पुन्हा स्कॅन करा. या निकषांनी कित्येकांची कवटी वाचवली. भारतातून जगाला मिळालेल्या मेंदूविज्ञानातल्या मला सर्वांत आवडणाऱ्या गोष्टींपैकी ही एक आहे. त्यात महागडं यंत्र नव्हतं. नीट पाहणं होतं आणि थांबायची हिंमत होती.

(शाकाहारी मंडळी इथे नेहमी दुखावतात. ‘आम्ही डुकराचं मांस कधी बघितलंही नाही.’ मांसाचा संबंध नाही हो. जंताची अंडी मैल्याने दूषित झालेल्या भाजीतून, पाण्यातून, दुसऱ्याच्या हातातून येतात. कोथिंबीर धुवा, एवढंच.)

एमआरआयमध्ये आता आम्ही गाठीची रासायनिक चाचणीही चित्रातूनच करतो, तिला स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. पेशी भराभर वाढत असतील तर कोलीन वाढतं, निरोगी चेतापेशी मेल्या की एनएए कमी होतं, क्षयाच्या गाठीत चरबीची रेघ उंच उठते. पुवाच्या गाठीत अमिनो आम्लं दिसतात. यावर लखनऊला संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. राकेश गुप्ता यांनी केलेलं काम जगभर वाचलं जातं. तरीही कोलीन वाढलं म्हणजे कॅन्सर, असं रिपोर्टात वाचून कोणी घाबरू नये. ते एक साक्षीदार आहे, आणि साक्षीदार फिरतात.

काही दुर्मीळ गाठी मात्र एकदा पाहिल्या की विसरता येत नाहीत. लहान मेंदूत काळ्या-पांढऱ्या समांतर पट्ट्यांची गाठ दिसली की तिला वाघाचे पट्टे म्हणतात. लेर्मिट आणि दुक्लो या फ्रेंच डॉक्टरांनी 1920 मध्ये वर्णन केलेला हा आजार. गाठ फार हळू वाढते. पण तिथे थांबणारा रेडिऑलॉजिस्ट अर्धवट काम करतो. हे पट्टे मोठ्या माणसात दिसले तर पीटेन नावाच्या जनुकात दोष असण्याची शक्यता असते, आणि त्या कौडन सिंड्रोममध्ये स्तनाचा आणि थायरॉइडचा कॅन्सर व्हायचा धोका बराच जास्त. म्हणजे डोक्याच्या फिल्मवरून स्तनांची तपासणी सुचवायची. तसंच, लहान मेंदूत पाण्याची गाठ, तिच्या भिंतीला चिकटलेला उजळणारा दाणा, भोवती जाड रक्तवाहिन्यांच्या काळ्या रेषा: हिमँजिओब्लास्टोमा. इथे नुसती सुई घालणं म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. शिवाय डोळ्याचा पडदा आणि मूत्रपिंडं तपासायला सांगावं लागतं, कारण वॉन हिप्पेल-लिंडाऊ हा आनुवंशिक आजार घरात असू शकतो. सरांचं ते खिशातलं यंत्र इथे पुन्हा लागतं.

2008 मध्ये ग्लायोमात आयडीएच नावाच्या जनुकातला बदल सापडला आणि गाठींची नावं ठेवण्याची पद्धतच बदलली. पूर्वी पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकातून पेशी पाहून नाव द्यायचा. 2016 पासून जनुकांची माहिती नावातच आली. मग आम्हा चित्रवाल्यांचं काय? 2017 मध्ये एक गमतीदार खूण नोंदली गेली. टी-टू पद्धतीत गाठ सगळीकडे पांढरीशुभ्र, आणि फ्लेअर पद्धतीत तिचाच आतला भाग काळवंडलेला, कडा तेवढी पांढरी. असं दिसलं तर ती आयडीएच बदल असलेली ॲस्ट्रोसायटोमा असण्याची शक्यता फार मोठी. चित्रावरून जनुक वाचता येतं, हे आमच्या शिकण्याच्या काळात कोणी म्हटलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. पण ही खूण थोड्याच गाठींत दिसते. ती नसली म्हणजे तो बदल नाही, असा उलटा अर्थ काढायचा नाही.

म्हणून तुकडा, बायोप्सी, बहुतेक ठिकाणी लागतेच. ‘सुई लावली की गाठ पसरते’ हे आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतं. मेंदूच्या गाठींबाबत या भीतीपायी निदान लांबतं, आणि लांबलेलं निदान पसरण्यापेक्षा जास्त नुकसान करतं. चित्राचं काम आहे सुई कुठे घालायची, कुठे मुळीच नको, आणि आलेला पॅथॉलॉजीचा रिपोर्ट चित्राशी जुळतो का हे सांगण्याचं. नाही जुळलं तर रेडिऑलॉजिस्ट, सर्जन आणि पॅथॉलॉजिस्टने एका टेबलावर बसून भांडलं पाहिजे. दुर्मीळ गाठींत तर हे भांडण हाच उपचाराचा पहिला दिवस. मोठ्या केंद्रांत त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. 2012 मध्ये टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झालं ते अशी चर्चा लहान गावांपर्यंत पोचावी म्हणूनही.

संगणकाच्या कृत्रिम बुद्धीबद्दल कोणीतरी विचारणारच, म्हणून थोडक्यात. ती ग्लायोमाची मापं माझ्याहून बिनचूक घेते. पण ती शिकते हजारो उदाहरणांवरून, आणि दुर्मीळ गाठीची हजारो उदाहरणं नसतात. शिवाय तिला शिकवलेल्या चित्रांतली बहुतेक अमेरिका-युरोपातली. तिच्या अनुभवात क्षय आणि सिस्टिसर्कस कुठून येणार? मदतनीस म्हणून उत्तम. सही मी तिच्या हाती देणार नाही.

आता आपल्या कोल्हापूरचं. पूर्वी मेंदूची गाठ म्हटली की मिरज, बेळगाव, नाहीतर महालक्ष्मी एक्स्प्रेसने रातोरात मुंबई, आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम. आज इथे एमआरआय आहेत, मेंदूचे सर्जन आहेत, कणेरीच्या सिद्धगिरी रुग्णालयात तर पेशंटला जागं ठेवून गाठी काढल्या गेल्या आहेत. महात्मा फुले योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रियाही बसतात. तरीही टाटाची वारी संपलेली नाही, आणि दुर्मीळ गाठीत ती संपूही नये. माझी तक्रार वेगळी आहे. मुंबईला गेलेल्या पेशंटच्या पिशवीत फिल्म असतात, सीडी नसते. फिल्मवर निवडक चित्रं छापलेली असतात, शेकडो काप सीडीतच असतात. शिवाय पहिला स्कॅन खर्च वाचवायला कॉन्ट्रास्टशिवाय केलेला असतो, मग तो पुन्हा करावा लागतो आणि पैसे दुप्पट जातात. कॉन्ट्रास्ट द्यायचं तर मूत्रपिंडं ठीक हवीत, आणि ती ठीक आहेत हे रक्ताच्या साध्या तपासणीने कळतं. ती करून पहिल्याच खेपेला कॉन्ट्रास्टसह स्कॅन केलेला बरा.

तर मंडळी, घरी जाऊन एवढं करा. घरात कोणाचा जुना स्कॅन असेल तर त्याची सीडी शोधून पत्र्याच्या पेटीत कागदपत्रांबरोबर ठेवा. पाच वर्षांपूर्वीचं चित्र हे आजच्या गाठीचं वय सांगणारं एकमेव साधन असतं. स्कॅनला जाताना डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लक्षणं लिहून घ्या: झटका कधी आला, तहान वाढली का, वागणं बदललं का, स्टेरॉइड चालू आहे का, पूर्वी क्षय झाला होता का. डॉक्टरांना वेळ नसेल तर तुम्ही लिहा, मराठीत लिहा, आम्ही वाचू. आणि रिपोर्टात काही कळलं नाही तर रेडिऑलॉजिस्टच्या दारावर टकटक करा. आम्ही आत अंधारात बसलेलो असतो, पण दार उघडंच असतं.